कडू कुडा आणि गोडा कुडा

कुड्याचे झाड पाहून कोणी थबकून उभा राहील असे त्यात काही नाही. वडाचा विस्तार त्याला नाही, पळसाचा रंग नाही. सह्याद्रीच्या उतारावर, कोकणातल्या वरकस जमिनीत, बांधाच्या कडेला ते आपले उगवते आणि सरपणवाल्याच्या कोयत्याखाली जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या फुलांचे झुपके येतात, तेवढ्यापुरते ते नजरेत भरते. कालिदासाच्या यक्षाने आषाढातल्या मेघाला अर्घ्य दिले ते ह्याच फुलांचे, हे सांगितले म्हणजे वर्गातली मुले खिडकीबाहेर डोकावून पाहतात. एरवी त्यांना कुडा माहीत असतो तो भाजीमुळे. कोवळ्या शेंगांची आणि फुलांची भाजी आमच्याकडे आजही होते.

परंतु कुड्याची खरी ख्याती पोटाच्या दुखण्यासाठी. आव पडू लागली, पोटात मुरडा येऊ लागला, की कुड्याचे पाळ, म्हणजे मुळी, सहाणेवर उगाळून ताकातून द्यायचे, हा उपाय कोकणात ज्याला ठाऊक नाही असे घर विरळा. बियांना म्हणतात इंद्रजव. रामरावणाच्या युद्धानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडले, त्याचे थेंब जमिनीवर पडले आणि त्यातून हे झाड उगवले, अशी कथा सांगतात. अमृतातून आलेल्या झाडाने कोणाचे वाईट कसे होईल? निदान लोकांचा समज तसा आहे. “झाडपाल्याचे औषध आहे, गुण आला तर आला, अपाय तर नाही ना?” हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे, की ते एखाद्या आर्षग्रंथातले असावे असे वाटू लागते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वैद्यक मी शिकलेलो नाही. पण एका झाडाचा इतिहास वाचायला पदवी लागत नाही. कुड्याचा इतिहास जसजसा वाचीत गेलो, तसतसे ते वाक्य आर्षग्रंथातले नव्हे, बाजारातले आहे, अशी माझी खात्री होत गेली.

प्रथम ग्रंथच पाहू. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुड्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. तेथे त्याचे नाव वत्सक. आज कुडा म्हटला की जुलाब थांबविणे आठवते. हा अध्याय मात्र आहे वांती करविण्याविषयीचा! कुड्याच्या बियांनी ओकारी काढता येते, हे त्या लोकांना पुरते ठाऊक होते. जे थोड्या मात्रेने पोट सावरते तेच दुसऱ्या मात्रेने पोट उलटे करते. त्याच अध्यायात कुड्याचे दोन भेद सांगितले आहेत, पुरुष आणि स्त्री. एकाची फळे मोठी, फुले पांढरी. दुसऱ्याची फळे लहान, फुले काळसर तांबूस. पुढच्या वैद्यांनी पहिला तो आपला पांढरा कुडा आणि दुसरा तो काळा कुडा असे बहुधा मानले. काळ्या कुड्याची फुलेही पांढरीच असतात, त्यामुळे ते वर्णन तांबड्या कुड्याशी अधिक जुळते असे मला वाटते. पण तो वाद तज्ज्ञांनी करावा. दोन झाडे एका नावाने ओळखली जातात आणि ती वेगळी ओळखायला हवीत, ही जाणीव तेव्हापासूनची आहे, एवढे आपल्याला पुरे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट चिकित्सास्थानात आहे. अतिसाराच्या अध्यायात ग्रंथकार बजावतो, की दोष अजून कच्चे असताना, म्हणजे आमातिसारात, आरंभीच मळ बांधणारे औषध देऊ नये. जे आपोआप बाहेर पडत आहे ते पडू द्यावे. अडून अडून होत असेल तर हिरडा देऊन उलट त्याला वाट करून द्यावी. हे न करता वेळेआधीच बांध घातला, तर पोट फुगणे, ग्रहणी, मूळव्याध, सूज, पांडुरोग, प्लीहा, उदर, ज्वर अशी उपद्रवांची लांबलचक यादी तेथे दिलेली आहे. आता गंमत पाहा. आजचे डॉक्टरही रक्त पडत असेल आणि अंगात ताप असेल तर आतड्याची हालचाल थांबविणारी गोळी देत नाहीत. तशी ती दिली तर आतडे फुगून जिवावर बेतू शकते. दोघांची परिभाषा वेगळी, शरीराची कल्पना वेगळी. पण रोग्याच्या उशाशी बसून पाहिलेले वास्तव एकच आहे. जुन्या वैद्याने झाडही दिले आणि झाड केव्हा वापरू नये हेही दिले. आपण वारसा म्हणून पहिले घेतले आणि दुसरे पोथीतच ठेवले.

येथून आपल्याला गोव्यात जायला हवे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १५६८ पर्यंत, येथेच राहिला. मुंबईचे बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. नव्याने आलेला एक पंडित प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो, अशी त्याची रचना आहे. तो प्रश्न विचारणारा कल्पित आहे, हे कादंबरीकार म्हणून मला विशेष आवडते. हगवणीने त्या काळी युरोपातून आलेली माणसे गोव्यात पटापट मरत. ह्या ग्रंथात हगवणीवरच्या एका मलबारी वनस्पतीवर एक संवादच आहे, आणि ती वनस्पती म्हणजे कुडा असे पुढच्या अभ्यासकांनी ठरविले. युरोपीय छापील ग्रंथात आपले हे झाड शिरले ते असे. स्थानिक वैद्यांचे ज्ञान ओर्ताने मोकळेपणाने नोंदविले. त्याचे पुढे काय झाले? तो मूळ ज्यू वंशाचा. गुपचूप जुना धर्म पाळीत होता असे ठरवून इन्क्विझिशनने १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली.

शंभरेक वर्षांनी डचांच्या ताब्यातील कोचीनमध्ये ह्वान ऱ्हेड ह्या अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढविला. पहिला खंड १६७८ सालचा. त्यात ‘कोडगपाल’ ह्या नावाने कुडा आहे. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य ह्या कामाचा मोठा आधार होता. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी ब्राह्मणही होते, आणि त्यांचे प्रशस्तिपत्र त्याच खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. ‘पाल’ हा शब्द वाचून मला आमचे ‘पाळ’ आठवले खरे, पण शब्दसाम्यावर इमले बांधण्याची आपल्याकडे जी हौस आहे तिला मी आवर घालतो.

ह्यापुढे कथेला वळण लागते. ओर्ताने कुडा पाहिला तो जिवंत, मुळासकट, वैद्याच्या हातात. अठराव्या शतकात तो युरोपात गेला तो सालीचे गठ्ठे होऊन. ‘कोनेसी’ साल म्हणून एडिंबरोच्या डॉक्टरांनी तिची तारीफ केली, आणि हगवणीवर तिचा मोठा बोलबाला झाला. मग हळूहळू गुण येईनासा झाला. रोगी तेच, रोग तोच, औषधाचे नावही तेच. पण साल निराळी. पांढऱ्या कुड्याच्या सालीच्या जागी, किंवा तिच्यात मिसळून, काळ्या कुड्याची साल जात होती.

हा घोटाळा कसा होतो हे कळण्यासाठी दोन्ही झाडे एकदा शेजारी पाहायला हवीत. दोघांच्या शेंगा लांब, बारीक आणि जोडीने लोंबणाऱ्या. पांढऱ्या कुड्याच्या जोडीतल्या दोन शेंगा टोकाशी सुट्या असतात; काळ्या कुड्याच्या शेंगांची टोके पिकेपर्यंत एकमेकींना चिकटलेली असतात, जणू दोन बहिणींनी हात धरले आहेत. बिया चावून पाहिल्या तर पांढऱ्याच्या कडू जहर, म्हणून कडू इंद्रजव. काळ्याच्या तशा नाहीत, म्हणून गोडे इंद्रजव. गुराख्याचे पोरसुद्धा ही झाडे रानात चुकणार नाही. पण साल सोलली, वाळवली, पोत्यात भरली, की शेंगा गेल्या, फुले गेली, पाने गेली. उरला तो तपकिरी तुकडा. लंडनच्या व्यापाऱ्याने तो ओळखावा कसा? आणि ओळखता आला असता तरी जे स्वस्त मिळते ते घेण्याचा मोह त्याने आवरला असता, असे मानण्याइतका मी भाबडा नाही.

शास्त्रज्ञांनीही ह्या गोंधळात भर घातली. लिनियसने १७५३ साली ज्या नावाखाली ही वनस्पती नोंदविली त्यात भिन्न झाडांची वर्णने एकत्र आली होती. रॉबर्ट ब्राऊनने १८१० साली दोन गण वेगळे केले, होलॅऱ्हिना आणि राइटिया. तरी ‘अँटिडिसेंटेरिका’, म्हणजे हगवणीवरचे, हे विशेषण दोन्हीकडे लोंबकळत राहिले. पांढऱ्या कुड्याला आपली जुनी पुस्तके होलॅऱ्हिना अँटिडिसेंटेरिका म्हणतात. नव्या नियमांनुसार त्याचे नाव होलॅऱ्हिना प्यूबेसेन्स. आणि ‘अँटिडिसेंटेरिका’ हे विशेषण अधिकृतपणे गेले आहे श्रीलंकेतल्या एका राइटियाकडे, म्हणजे काळ्या कुड्याच्या गणगोतातल्या झुडपाकडे! मुंबईच्या सरकारी औषधभांडारात काम केलेला विल्यम डायमॉक आणि त्याचे दोन सहकारी ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय औषधी वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात ह्या भेसळीने कुड्याची अब्रू कशी गेली त्याची हकिकत आहे. भेसळीच्या औषधाने रोग्याला विष बाधायलाच हवे असे नाही. आव पडून पडून माणूस झिजत असताना त्याला निर्गुण साल पाजून आठ दिवस घालविणे, हाही अपायच.

तोवर रसायनशास्त्र पुढे आले होते. कुड्याच्या कडूपणाचा अर्क प्रथम निघाला तो आपल्या मुंबईत. हेन्स नावाच्या डॉक्टरने १८५८ साली सालीतून एक क्षार वेगळा केला; त्याचे नाव पुढे कोनेसीन झाले. त्याच सुमारास हगवणीवर दुसरे एक परदेशी मूळ गाजत होते, ब्राझीलचे इपेकॅक. चौदाव्या लुईच्या दरबारात हेल्व्हेशियस नावाच्या वैद्याने त्याचा गुप्त नुसखा राजाला विकला होता, इतके ते जुने. त्यातला एमेटीन हा अर्क १८१७ साली पॅरिसमध्ये निघाला आणि लेनर्ड रॉजर्सने १९१२ साली कलकत्त्यात त्याची सुई टोचून आमांशाच्या रोग्यांना बरे करून दाखविले. यकृतात गळू झालेली माणसे ह्या सुईने वाचली. पण एमेटीन शरीरात साठत जाते आणि हृदयाला बाधते. म्हणून सुया चालू असताना रोग्याला अंथरुणावर पाडून ठेवीत आणि नाडीवर लक्ष ठेवीत. एमेटीनही झाडाच्या मुळातलेच, हे ‘झाडपाल्याचा अपाय नाही’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ह्या एमेटीनला सौम्य पर्याय हवा होता. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात रामनाथ चोप्रा ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात कुड्याची साल पुन्हा हातात घेतली, तिच्यातले क्षार तपासले, रोग्यांना तोंडावाटे देऊन पाहिले. देशी औषधांवरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९३३ सालचा. त्यांची भूमिका मला फार प्रामाणिक वाटते. देशी म्हणून डोक्यावर घ्यायचे नाही आणि देशी म्हणून फेकायचेही नाही, तराजूत घालायचे. शुद्ध मालावाचून तराजूचा उपयोग नाही, हेही त्यांनी ओळखले. १९३०-३१ साली देशातल्या औषधांच्या भेसळीची चौकशी करणारी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष तेच होते. १९४० चा औषध कायदा त्या चौकशीच्या पोटी जन्मला.

मग कोणाला वाटले, की साल कशाला, शुद्ध अर्कच द्यावा. १९५० च्या आगेमागे फ्रेंच डॉक्टरांनी आमांशावर कोनेसीनच्या गोळ्या भरपूर मात्रेने दिल्या. आव थांबली, पण काही रोग्यांची झोप उडाली. कोणाचे हात कापू लागले, कोणी भ्रमिष्टासारखे बोलू लागला. पोटाचे औषध डोक्यात शिरले! ह्याचे कारण बऱ्याच उशिरा उमगू लागले. मेंदूत हिस्टामिन नावाचे द्रव्य माणसाला जागे ठेवण्याचे काम करते आणि त्याला लगाम घालणाऱ्या काही जागा असतात. कोनेसीन नेमके त्या लगामाच्या जागी जाऊन बसते, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सहाणेवर चार वळसे उगाळलेल्या पाळातून कोनेसीन जाते ते किती? अगदी थोडे, शिवाय त्याचा कडूपणाच माणसाला जास्त घेऊ देत नाही. कडूपणा हा जुन्या औषधाचा पहारेकरी होता. गोळीवर साखरेचे कवच चढले, सालीचा घन काढून तो वटीत कोंबला, की पहारेकरी रजेवर गेला. १९६६ साली मेट्रोनिडॅझोल आमांशावर लागू पडते असे दिसून आले आणि कोनेसीन मागे पडले. पण कुड्याच्या वट्या आणि कुटजारिष्ट दुकानांत आहेत आणि चिठ्ठीवाचून मिळतात.

चारपाच वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या धाकट्या भावाला, दीड वर्षाच्या पोराला, पावसाळ्याच्या तोंडी जुलाब लागले. आजी जाणती. तिने पांढऱ्या कुड्याचे पाळ स्वतःच्या हाताने खणून काढले आणि दोन वळसे उगाळून चाटविले. झाडात चूक नाही, मात्रेतही फारशी नसावी. पण त्याबरोबर तिने पोराचे पाणी तोडले. पाजले की खाली पडते, तेव्हा पाजूच नये, ही तिची समजूत. तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडायचा आवाज येईना. मुलगी शाळेत न येता माझ्या घरी धावत आली. तालुक्याला नेऊन शिरेतून पाणी चढविले तेव्हा पोर हाती लागले. आजी माझ्यापुढे येऊन सारखी एकच म्हणत होती, “गुरुजी, झाड तर आमच्याच परड्यातलं हो! बाजारचं नव्हे.” आळीतले काही म्हणाले कुडा बाधला, काही म्हणाले, धीर धरला असता तर कुड्याने गुण दिलाच असता. मला दोन्ही पटले नाही. पोराचा जीव जात होता तो पाण्यावाचून, आणि पाळ चाटविले आहे ह्या समाधानात तीन दिवस गेले होते.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीची साथ उठली. शिरेत द्यायच्या बाटल्या संपल्या तेव्हा दिलीप महालनाबीस ह्या डॉक्टरांनी साखर, मीठ आणि सोडा घातलेले पाणी पिंपांतून ठेवले आणि आयाबहिणींच्या हातूनच ते रोग्यांना पाजविले. शंभरातले तीस मरत होते तेथे चारांहूनही कमी मरू लागले. पटकीवर आणि अतिसारावर शतकानुशतके साली, मुळ्या, अफू, खडू सारे देऊन झाले होते. रोग्याला पाणी पाजा, हे सांगायला विसावे शतक उलटत आले.

तेव्हा कुडा वाईट का? मी असे म्हणत नाही. चुन्यासारख्या साध्या वस्तूलाही वापरण्याची रीत असते; येथे तर क्षारयुक्त औषध आहे. लहान मुलाला, गरोदर बाईला ते आपल्या अकलेने देऊ नये. ताप असेल, रक्त पडत असेल, तर आधी तपासून घ्यावे. कारण मुरडा थांबला म्हणजे आमांशाचा जंतू मेला असे नव्हे, तो यकृतात जाऊन बसतो आणि महिन्यांनी गळू होऊन प्रकट होतो. कुटजारिष्टात कुड्याबरोबर मनुका, मोहाची फुले, धायटीची फुले आणि गूळ आंबविलेला असतो. त्यामुळे दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क त्यात आपोआप तयार होतो. बाटलीवर तो लिहिलेलाही असतो, पण इतक्या बारीक अक्षरांत, की चष्मा बदलल्यावाचून मला तो वाचता येत नाही. एक जुने वैद्य माझ्या परिचयाचे आहेत. ते रोग्याला कुडा देताना केव्हा सुरू करायचा ते कमी बोलतात, केव्हा थांबवायचा ते अधिक बोलतात. अशी माणसे बाटलीबरोबर मिळत नाहीत.

यंदा पावसाच्या आधी एका रोपवाटिकेत गेलो होतो. प्लास्टिकच्या पिशवीत एक बुटके, देखणे झुडूप. पांढरी शुभ्र चांदणीसारखी फुले. पिशवीला चिठ्ठी होती, ‘कुडा, औषधी’. ते श्रीलंकेचे शोभेचे झाड होते. मी माळ्याला म्हटले, हा आपला कुडा नव्हे. तो म्हणाला, “गुरुजी, इंग्रजी नाव वाचा की! जुलाबावरचंच आहे.” नाव खरोखरच राइटिया अँटिडिसेंटेरिका असे होते, आणि शास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक होते. आमच्या आळीतल्या एका बाईंनी दोन रोपे घेतली होती. कुंडीत लावा, फुले छान येतात, पण उगाळू मात्र नका, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी पिशवी फिरवून ती चिठ्ठी पुन्हा वाचली आणि मला विचारले, “मग हे लिहिलंय ते कशासाठी?”